पुस्तकात बघून घरी पेरू देशाचा स्वयंपाक: काय बदललं तर चालतं आणि काय नाही?

मेघना_औंध
नमस्कार मंडळी,
नणंदेने वाढदिवसाला पेरू देशाच्या स्वयंपाकाचं एक जाडजूड पुस्तक दिलंय, तिथली राजधानी लिमातल्या एका शेफचं. दिवाळीपासून मी त्यात बुडालेय. कावसा करून झाला (उकडलेला बटाटा कुस्करून त्यात लिंबू आणि मिरचीची पेस्ट मळायची, थर लावायचे, मध्ये सारण, आणि गारच खायचा), घरात सगळ्यांना आवडला, त्यामुळे आता हुरूप आलाय.

पण पुस्तक पुढे नेताना एकच गोष्ट सारखी आडवी येते. प्रत्येक दुसऱ्या पदार्थात आही आमारीयो, म्हणजे त्यांची ती केशरी-पिवळी मिरची, आणि तीही चिमूटभर वगैरे नाही, अर्धी वाटी, पाऊण वाटी पेस्ट. मग आही पांका (गडद लाल मिरची), वाकाताय (वासाचा पाला), चोक्लो (त्यांचा मका), केसो फ्रेस्को (ताजं चीज). नेटवर बघितलं तर लोक सरळ सांगतात की पिवळी ढोबळी आणि दोन हिरव्या मिरच्या वाटा, झालं काम. कावसा मी तसाच केला होता. चव छान होती पण ती पेरूची होती का हे मला सांगता येत नाही, कारण मूळ चव मी कधी घेतलेलीच नाही.

तर ज्यांनी तिकडे खाल्लंय किंवा घरी नियमित करतात त्यांनी सांगा, नेमकं कशाला हात लावायचा नाही? आणि कशाला आपल्या मंडईतलं खुशाल वापरायचं? घरी सासूसासरे पूर्ण शाकाहारी आहेत, आम्ही दोघं मासे खातो. पुढच्या महिन्यात घरी जेवायला बोलवायचंय म्हणून जरा घाई.

खवय्या_ठाणे
वाचनखूण साठवली. कावशाचा फोटो टाका हो आधी.

चिरमुरे
मेघनाताई, मी तुमच्याजागी असतो तर एवढा विचार केला नसता. आपल्या घरी पास्ता होतो तो काय इटलीतल्या टोमॅटोचा असतो का? ढोबळी वापरा, चव आवडली ना घरच्यांना, मग झालं. परदेशी बाटल्या मागवून स्वयंपाक करायचा म्हणजे तो चार घरांपुरताच राहतो. स्वयंपाक जिथे जातो तिथल्या मातीचा होतो.

अटलांटिकपार
आम्ही न्यू जर्सीत आहोत, इथून पॅटरसन जवळ. तिथे पेरूची वस्ती खूप मोठी आहे, अख्खे रस्ते त्यांच्या दुकानांचे आणि पोयो आ ला ब्रासाच्या (निखाऱ्यावर भाजलेल्या कोंबडीच्या) धुराचे. त्यामुळे मला आही आमारीयो तिन्ही रूपांत मिळते: फ्रोजन अख्खी, बाटलीतली पेस्ट आणि वाळवलेली, जिला मिरासोल म्हणतात. तिन्ही वापरून सांगते, फ्रोजन सगळ्यात जवळची. बाटलीतल्या पेस्टमध्ये मीठ आणि आंबटपणा आधीच असतो, म्हणून पदार्थात मीठ शेवटी घालायचं. मिरासोल भिजवून वाटली की चव जास्त गडद, मनुकेसारखी येते. ती रश्शाला छान, कावशाला नको.

फ्रोजन मिरची आणली की मी पोट फाडून बिया आणि पांढऱ्या शिरा सगळ्या काढते, पाण्यात उकळून पाणी फेकते, असं तीन वेळा, मग सालं सोलून थोड्या तेलात वाटते. तीन पाण्यांनी तिखटपणा उतरतो आणि राहतो तो फळासारखा वास. तो वासच तर हवा असतो! हिरव्या मिरचीत तो नसतो गं, कितीही घाल.

लिमारिटर्न
कंपनीच्या कामासाठी लिमात राहून आलोय, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवणार नाही. जरा लांबेल.

चिरमुरे यांच्या 'जिथे जातो तिथल्या मातीचा होतो' याला माझा पूर्ण पाठिंबा, कारण पेरूचं जेवण मुळात असंच झालेलं आहे. कांदा, लसूण, लिंबू, जिरं, कोथिंबीर हे सगळं स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेलं. १८४९ पासून चिनी मजूर आणले गेले, उसाच्या शेतांवर आणि ग्वानो (खतासाठी पक्ष्यांची साठलेली विष्ठा) खणायला, त्यांच्यामुळे सोया सॉस, आलं आणि मोठ्या आचेवरचं परतणं आलं. १८९९ मध्ये साकुरा मारू बोटीने जपानी लोक कायाओ बंदरात उतरले, त्यांच्या वंशजांनी मासा कापायची आणि खायची पद्धत बदलली. गुलामगिरीत आणलेल्या आफ्रिकन लोकांनी आंतिकुचो घराघरात नेला, बैलाचं हृदय मसाल्यात मुरवून काडीवर भाजलेलं. एवढं सगळं बाहेरून आलं, आणि हे सगळं ज्याच्यावर येऊन बसलं ती तिथली मिरची आणि तिथला बटाटा. म्हणून बाकी काहीही बदला, मिरची बदलू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं, पुस्तकात आदेरेसो म्हणून जे असतं ते घाईने वाचून पुढे जाऊ नका. बारीक चिरलेला लाल कांदा, लसूण, तेल, मंद आच. कांदा मऊ होऊन विरघळला पाहिजे पण तांबूस व्हायला नको. मग मिरचीची पेस्ट, जिरं, आणि तेल सुटेपर्यंत परत परतायचं. माझ्या घरमालकीणबाई यालाच पंधरा-वीस मिनिटं द्यायच्या आणि तेवढ्यात कोणाला स्वयंपाकघरात बोलू द्यायच्या नाहीत. आपला हात कांदा लाल करण्याकडे जातो, गोडसर भाजलेला वास आला की मिरचीचा वास दबतो. रस्सा पेरूचा वाटत नाही तो बहुतेक वेळा इथेच हुकतो.

तिसरं, हळद. नेटवर पिवळा रंग यावा म्हणून ढोबळीत हळद घालायला सांगतात. काउ-काउ (आतडी आणि बटाट्याचा रस्सा) सारख्या पदार्थात पालियो नावाची पिवळी पूड घालतात, बाजारात त्या नावाने बहुतेकदा हळदच असते, तिथे चालेल. कावशात आणि वांकाइनात (मिरची आणि चीजचा गार सॉस) नको.

चिरमुरे
लिमारिटर्न, प्रतिसाद आवडला, माहितीपूर्ण आहे. पण तुमच्याच यादीवरून माझा मुद्दा सिद्ध होतो ना? चिनी माणसाला लिमात त्याच्या गावची भाजी मिळाली नाही म्हणून त्याने टोमॅटो आणि तिथली मिरची कढईत टाकली, त्यातून लोमो साल्तादो (मोठ्या आचेवर परतलेलं बीफ) झाला. मग पुण्यातल्या बाईने ढोबळी टाकली तर तिला का अडवायचं?

लिमारिटर्न
अडवत नाही. त्यांनी विचारलंय की मूळ चव कळावी कशी. ती एकदा तरी कळू दे, मग त्यांनी हवं ते घालावं.

गच्चीतली_बाग
मेघना, मी नाशिकला गच्चीत आही आमारीयो लावलीये. बाटलीवर अवलंबून राहू नकोस, झाड लाव.

ही कॅप्सिकम बाक्काटम जातीची, आपली लवंगी किंवा ज्वाला कॅप्सिकम अ‍ॅन्युअम. फूल आलं की ओळखता येतं, पांढऱ्या पाकळीवर बुडाशी हिरवट-पिवळे ठिपके असतात, आपल्या मिरचीच्या फुलावर ते नसतात. झाड पसरतं, चांगलं माणसाच्या छातीपर्यंत जातं, म्हणून मोठी कुंडी आणि काठीचा आधार. सगळ्यात महत्त्वाचं, धीर. रोप लावल्यापासून फळ पिकून केशरी व्हायला आपल्या मिरचीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, हिरवी तोडलीस तर तो वास येतच नाही. मी पाऊस ओसरताना रोपं लावते म्हणजे थंडीत फळ धरतं, एप्रिलच्या उन्हात फुलं गळतात.

रोकोतो या त्यांच्या दुसऱ्या मिरचीच्या नादाला मात्र लागू नका. काळ्या बिया, जांभळी फुलं, लवदार पानं, दिसायला देखणं झाड, पण ते अँडीजच्या थंड हवेतलं. महाबळेश्वरला कोणी राहत असेल तर त्याने करून बघावं.

पानगळ
शाकाहारी सासूसासऱ्यांसाठी मी लिहिते, आमच्याकडे अंडंही चालत नाही. लोकांना वाटतं पेरू म्हणजे मासे आणि मांस, पण डोंगरातलं रोजचं जेवण बघितलं तर बटाटा, मका, किनोआ, वालासारखे पायारेस. माझ्या घरी हे होतं:

पापा आ ला वांकाइना, म्हणजे उकडलेल्या बटाट्यावर आही आमारीयो, चीज, दूध आणि क्रॅकर वाटून केलेला गार सॉस. वरचं उकडलेलं अंडं मी सोडून देते.
लोक्रो दे सापायो, लाल भोपळा, मका, मटार आणि चीज यांचा दाटसर रस्सा. भोपळा पूर्ण विरघळला पाहिजे. आमच्या सासूबाई हा मागून घेतात.
सोल्तेरीतो, अरेकिपाकडची सॅलड, बाकला, मका, चीज, ऑलिव्ह.
ताकू ताकू, आदल्या दिवशीचा भात आणि शिजवलेले वाल किंवा राजमा आदेरेसोत कुस्करून तव्यावर खरपूस भाजायचा.

केसो फ्रेस्को म्हणजे ताजं, न वितळणारं, खारट चीज. मी घट्ट दाबलेलं पनीर मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवते, आंबटपणा कमी वाटला तर थोडं फेटा चीज घालते. दूध त्यांच्याकडे डब्यातलं इव्हॅपोरेटेड असतं. आपण साधं दूध निम्म्याहून थोडं कमी उरेपर्यंत आटवायचं. दुकानात कंडेन्स्ड मिल्कचा डबा हातात देतील तो घेऊ नका, त्यात साखर असते.

चोक्लोला स्वीटकॉर्न अजिबात नको. चोक्लोचे दाणे मोठे, पिठूळ, कमी गोड असतात. आपलं देशी पांढरं कणीस, जरा जून झालेलं, त्याच्या खूप जवळ जातं. पावसाळ्यात गाडीवर भाजून देतात ते.

मेघना_औंध
बापरे किती छान माहिती! पानगळ, लोक्रो नक्की. गच्चीतली_बाग, तुम्हाला व्यक्तिगत निरोप करतेय बियांसाठी. फोटो संध्याकाळी.
आता मुख्य भीती विचारते. सेविचे. पुस्तकात चक्क कच्चा मासा आहे. नवरा म्हणतोय कर, मला धीर होत नाही.

दर्यावर्दी
धाग्यावर मासे निघाले म्हणजे आपली पाळी आली.

सेविचेला तिकडे कोर्विना वापरतात. ती जातीने क्रोकर, सायनिडी कुळातली, आणि आपला घोळ त्याच कुळातला. पांढरं, घट्ट, कमी तेलाचं मांस. घोळ मिळाला तर दुसरं काही बघू नका, नाहीतर रावस. बांगडा नको, सुरमई माझ्या मते नको, तेलकट मासा लिंबात चांगला लागत नाही. नदीचा किंवा तळ्याचा मासा तर कच्चा कधीच नाही.

लिंबाच्या बाबतीत आपण नशीबवान. पेरूचं लिमोन म्हणजे आपलं कागदी लिंबूच, लहान, पातळ सालीचं, बियांचं. अमेरिकेतल्या लोकांना ते मोठं बिनबियांचं लिंबू वापरावं लागतं. पिळताना हलक्या हाताने, शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं की सालीचा कडवटपणा उतरतो.

मासा साधारण दीड-दोन सेंटीमीटरचे चौकोन, आधी मीठ चोळून मिनिटभर, मग मिरची, कोथिंबीर, लिंबू, दोन बर्फाचे खडे टाकून हलवायचं आणि खडे काढून घ्यायचे. लाल कांदा लांब पातळ चिरून गार पाण्यात धुतलेला. पाच ते दहा मिनिटं. बाजूला उकडलेलं रताळं आणि मका. खाली उरतो तो रस म्हणजे लेचे दे तिग्रे, तो वाटीने पितात.

अटलांटिकपार
दर्यावर्दी, पाच मिनिटं? आमच्या शेजारच्या पेरूच्या आजी दोन-तीन तास ठेवतात, मासा पूर्ण पांढरा होईपर्यंत.

लिमारिटर्न
दोन्ही खरं आहे. जुनी पद्धत तासंतास मुरवायची होती. मिनिटांवर आलं ते जपानी स्वयंपाक्यांच्या प्रभावाने. आज लिमातल्या सेविचेरीयांमध्ये तुमच्यासमोर कालवून लगेच देतात, आणि बहुतेक ठिकाणी सेविचे दुपारीच मिळतं, संध्याकाळी कुलूप. सकाळी आलेला मासा दुपारी खायचा हा त्यामागचा जुना हिशेब. २०२३ मध्ये युनेस्कोने सेविचेच्या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा मी मनापासून आनंदलो होतो.

केतकी_लॅब
मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, म्हणून इथे थांबून एक गोष्ट ठासून सांगते. लिंबाने मासा शिजत नाही. आम्लामुळे प्रथिनांची रचना उलगडते, मांस पांढरं आणि घट्ट दिसतं, पण अनिसाकिससारखे कृमी त्याने मरत नाहीत आणि सगळे जंतूही मरत नाहीत. दोन तास ठेवलं म्हणजे सुरक्षित झालं असं अजिबात नाही. कृमींसाठी उपाय थंडीचा आहे: उणे २० अंशांवर सलग सात दिवस. घरचे फ्रीझर बहुतेक उणे १८ च्या आसपास असतात आणि आपण दार सारखं उघडतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका. शिवाय गोठवून जंतू मरत नाहीत, ते फक्त थांबतात, म्हणजे मासा मुळात ताजा आणि पूर्णवेळ बर्फात राहिलेला लागतो. गर्भवती बायका, लहान मुलं, वयस्कर माणसं, मधुमेही यांना कच्चं देऊ नका.

मेघना, पहिल्यांदा करतेयस तर कोलंबी उकळत्या पाण्यात शिजवून, बर्फात गार करून तिचं सेविचे कर. पेरूतही शिजवलेल्या कोलंबीचं करतात. शाकाहारींना मश्रूमचं. पेरूतल्या वाराझ शहराकडे तर चोचो नावाच्या कडधान्याचं सेविचे गाड्यांवर मिळतं.

दर्यावर्दी
केतकीताईंच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. मी स्वतः ससून डॉकवर पहाटे उभा राहून घेतलेल्या माशाशिवाय करत नाही, आणि पाहुण्यांना तर शिजवलेल्या कोलंबीचंच देतो. अजून एक अडचण सांगतो, पेरूत २८ जूनला सेविचे दिवस असतो आणि आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दिवसाच्या हौसेपायी कुठला तरी गोठवलेला मासा आणू नका.

नागाव_अलिबाग
अवांतर: यांच्याकडे जमिनीत खड्डा करून जेवण शिजवतात असं वाचलेलं, ते पोपटीसारखंच ना? भांबुर्ड्याचा पाला लावतात का? 😀

लिमारिटर्न
पाचामांका! अगदी, खाताना मला पोपटीचीच आठवण झाली. फरक आचेचा. पोपटीत मडक्याभोवती जाळ असतो, पाचामांकात आधी दगड लाल होईपर्यंत तापवतात, मग खड्ड्यात दगड, बटाटे, मांस, रताळी, बाकल्याच्या शेंगा असे थर, वर पाला, ओली फडकी आणि माती. पाला त्यांचा त्यांचा, आणि मांसाला वाकातायचा मसाला. आही मिरचीनंतर सगळ्यात जास्त ओळखीचा वास तोच.

देवदार
वाकाताय म्हणजे टाजेटीस मिन्युटा ना? अहो, ती झेंडूच्या कुळातली वनस्पती आमच्याकडे हिमाचलात रस्त्याकडेला माजलेली असते. मी पालमपूरला नोकरीला आहे, इथे लोक तिला जंगली गेंदा म्हणतात, सुगंधी तेलासाठी शेतीही होते. तेल परदेशी अत्तरवाल्यांना जातं, खाण्यात कोणी वापरत नाही. पान चुरडलं की पुदिना आणि झेंडू एकत्र आल्यासारखा वास येतो. फवारणी नसलेल्या शेतातली पानं कोणाला हवी असतील तर सांगा, बी पण मिळेल.

पानगळ
देवदार!!! मला हवीत. एवढे दिवस मी पुदिना, तुळस आणि कोथिंबीर मिसळून काम भागवतेय. ओकोपा (वाकाताय, शेंगदाणे आणि मिरचीचा सॉस) करायची किती इच्छा आहे. शेंगदाणे काय, घरात डबाभर असतात.

खवय्या_ठाणे
मला सांगा, लोमो साल्तादोमध्ये फ्रेंच फ्राईज कढईत घालायचे की वरून? आमच्याकडे यावरून दोन पक्ष पडलेत.

अटलांटिकपार
पॅटरसनमध्ये पण पडलेत! मी वरून घालते, कुरकुरीत राहतात. शेजारच्या आजी कढईत घालून एकदा उलटतात म्हणजे रस शोषतात. भात मात्र सोबत हवाच, बटाटा आणि भात एका ताटात असणं तिथे पूर्ण मान्य आहे. कांदा आणि टोमॅटोच्या जाड फोडी, आच शेवटपर्यंत मोठी, सोया सॉस आणि व्हिनेगर कढईच्या कडेने सोडायचं. कढईत गर्दी केली की पाणी सुटतं आणि सगळं वाफवल्यासारखं होतं. मी चिकनचं करते, ते पण तिथे सर्रास होतं.

चिरमुरे
मंडळी, मी परत आलो. लिमारिटर्न यांच्याशी नुसता वाद घालण्यापेक्षा करून बघावं म्हटलं. ऑफिसमधल्या एकाकडे आही आमारीयोची बाटली होती, ती मागून आणली. वांकाइना दोन वाट्यांत केला, एकीत बाटलीची मिरची, दुसरीत ढोबळी आणि हिरवी मिरची. डोळे मिटून बायकोला आणि आईला दिला. दोघींनी लगेच ओळखला. ढोबळीचा वाईट नव्हता पण त्यात आधी चीज लागत होतं, मग तिखट, आणि मध्ये काहीच नव्हतं. दुसऱ्यात मिरचीच पुढे, तिखट मागाहून.

मग लोमो साल्तादो पण दोन प्रकारे केला. त्यात कोणालाच फरक सांगता आला नाही, सोया आणि जाळाचा वास एवढा असतो की मिरचीच्या चार चकत्या कुठल्या हे कळत नाही.

म्हणजे मेघनाताईंच्या प्रश्नाला माझं आत्ताचं उत्तर असं: पुस्तकात मिरची वाटीने मोजलीये तिथे तीच मिरची आणा, चकत्यांनी मोजलीये तिथे मंडईतली घाला. बाटली मागवणं चैन आहे हे मात्र अजूनही वाटतं. गच्चीतली_बाग यांचा रस्ता मला जास्त पटतो.

लिमारिटर्न
चिरमुरे, याच्याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. फक्त एक भर घालतो, आही पांकाला हाच नियम लावा पण जरा सैल हाताने. ती गडद लाल, कमी तिखट, धुरकट असते. बिया काढून भिजवलेली ब्याडगी तिच्या रंगाला आणि सौम्यपणाला पोचते, वासाला थोडी कमी पडते. आंतिकुचोच्या मसाल्यात व्हिनेगर, लसूण, जिरं असतं, तिथे बेलाशक वापरा.

मेघना_औंध
चिरमुरे, दोन-दोन वेळा करून बघितलंत, खरंच मनापासून आभार.

ठरलं मग. पेस्टची एक बाटली मागवलीये आणि बिया येतायत. बेत असा: सुरुवातीला कावसा, शाकाहारी, मध्ये अ‍ॅव्होकाडो आणि ऑलिव्ह. शिजवलेल्या कोलंबीचं सेविचे आमच्या दोघांसाठी आणि मश्रूमचं बाकीच्यांना. मग लोक्रो आणि भात. गोडाला पिकारोनेस, भोपळा आणि रताळ्याचे तळलेले कडे, गुळाच्या पाकात. त्यांचा चांकाका म्हणजे उसाचा गूळच, त्यामुळे तिथे काही शोधायला नको. चिचा मोराडा हे जांभळ्या मक्याचं पेय करणार नाही, जांभळा मका नाही तर उगाच बीट घालून रंग आणायचा नाही.

एक शेवटची शंका. कावशाचा बटाटा मागच्या वेळी फार चिकट वाटत होता. लिमात तो पिवळा पिठूळ बटाटा असतो, इथे कुठला घेऊ?

पानगळ
नवा बटाटा घेऊ नकोस, तो चिकटच होतो. जुना, जाड सालीचा, पण शीतगृहातून नुकताच काढलेला नको, तो गोड लागतो. आणून आठवडाभर बाहेर ठेव. सालासकट उकड, गरम असतानाच सोलून पुरणयंत्रातून काढ आणि मिक्सरला अजिबात लावू नकोस, स्टार्च ताणला जाऊन खळीसारखा होतो. तेल आणि मिरची कोमट असताना मळ, लिंबू सगळ्यात शेवटी.

गच्चीतली_बाग
बिया उद्या कुरिअर करते. कोमट पाण्यात रात्रभर भिजव आणि उबदार जागी ठेव, उगवायला वेळ लावतात.

खवय्या_ठाणे
मेघनाताई, फोटो. 🙏